पदराची उलटी बाजू

पैठणी घेताना बायका आधी पदर उलटा करून पाहतात. हातमागावरची अस्सल पैठणी दोन्हीकडून सारखीच दिसते. नकलीच्या पाठीला धाग्यांचं जंजाळ असतं. परवा भाचीच्या साखरपुड्यासाठी पैठणी घ्यायला गेलो, तेव्हा मी मामा या नात्याने दुकानातल्या गादीवर ऐसपैस बसून हा सोहळा बघत होतो.

नवरदेव सोबत होते. काय तो रुबाब! माझ्याशी बोलताना तर जिभेवर खडीसाखर. तेवढ्यात चहा देणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातून दोन थेंब त्यांच्या पँटवर सांडले.

"डोळे फुटले का रे तुझे?" नवरदेव गरजले आणि लगेच माझ्याकडे वळले. पुन्हा खडीसाखर! "मामा, घ्या ना चहा."

भाचीच्या हातात पदर उलटाच होता. नवरदेवांसमोरच ती म्हणाली, "मामा, मला हा साखरपुडा करायचा नाही."

"अगं, एवढं छान व्यक्तिमत्त्व..." ताई कुजबुजली.

"ते दर्शनी बाजूला, आई."

खरंच आहे. व्यक्तिमत्त्व माणूस आरशासमोर विंचरतो. ज्याच्याकडून काहीच मिळवायचं नसतं, त्याच्यासमोर दिसतं ते चारित्र्य.

आता नातेवाईक मला धारेवर धरतात, "चहाच्या दोन थेंबांवरून लग्न मोडतं का हो?"

मोडतं! मी तर लग्नघरांतून मुद्दाम चहा सांडत फिरणार आहे.

आणि हो, पैठणी आम्ही घेतलीच. ती दोन्हीकडून सारखी होती.