वळणाआधीचा हात

वळण आलं की तो उजवा हात बाजूला काढायचा आणि तळवा खाली करून हवेत दोन-तीनदा हळूच थोपटायचा. मोटार चालवताना नव्हे. तसं तर सगळेच ड्रायव्हर करतात. हा पायी चालताना करायचा. विहिरीकडे जाताना चावडीच्या कोपऱ्यावर, मारुतीला प्रदक्षिणा घालताना प्रत्येक वळणावर, इतकंच काय, पंगतीतून हात धुवायला उठला तरी हात बाहेर. मागे कोणी नसलं तरीही. विचारलं की म्हणायचा, "मांगच्याले समजलं पायजे, दिवाणजी. आपन चाल कमी करून राह्यलो म्हनून."

मी तेव्हा पोंभुर्ण्याच्या रस्त्यावरच्या एका गावी मालगुजारांकडे, म्हणजे गावच्या जमीनदारांकडे, दिवाणजी होतो. खरं म्हणजे सरकारने मालगुजारी नुकतीच काढून घेतली होती. थाट तेवढा न्यायचा राहिला होता. गाव त्यांना अजून मालकच म्हणत असे. हुकूम सोडायला काही उरलं नाही, तेव्हा मालकांनी लढाईतून मोडीत निघालेली एक जीप घेतली. जीप घेतली म्हणून हा ड्रायव्हर ठेवला, आणि ड्रायव्हर ठेवल्यावर स्टिअरिंग स्वतःच्या ताब्यात घेतलं. ड्रायव्हर बाजूला बसे. गाडी नीट पोचली की मालकांनी चालवलेली असे आणि खड्ड्यात गेली की ड्रायव्हरने. अशी ही कामाची वाटणी होती.

तो आधी चांद्याच्या एका खासगी मोटार सर्विसवर होता. ती बंद पडली म्हणून आमच्याकडे आला. काळा, हडकुळा, खाकी सदऱ्याची वरची गुंडी कायम तुटलेली. तंबाखू मळताना जेवढं लक्ष देई तेवढंच लक्ष देऊन दुसऱ्याचं बोलणं ऐकून घेई. आमच्या वाड्यात हा गुण दुर्मीळ होता.

आता मालकांच्या मोटार चालवण्याविषयी सांगायला हवं. आमच्या भागात शर्यत म्हटली की शंकरपट. बैलजोडी, हलकी गाडी आणि समोर सरळ पट्टा. मालकांच्या जोडीने भल्याभल्यांना धूळ चारली होती. पण तुम्ही शंकरपट पाहिला असेल तर तुमच्या ध्यानात येईल की त्यात वळायचं नसतं. जोडी सुटते ती नाकासमोर जाते आणि पुढे माणसं तिला अडवतात. त्यामुळे वेग मालकांना ठाऊक होता. वळण मात्र त्यांच्या आयुष्यात आलंच नव्हतं. आजवर समोरचाच बाजूला होत आला होता. जीप वळणावर आली की मालक जागेवरून अर्धे उठत, जीपला ओरडून काहीतरी सांगत आणि कासरा ओढावा तसं एका हाताने स्टिअरिंग ओढत. गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर मोहाचं एकच झाड होतं. मालकांनी पहिल्याच आठवड्यात ते गाठलं.

"झाड मधात आलं," मालक म्हणाले.

"तुमी त्याच्याकडेच पाहून राह्यले होते, मालक," हा शांतपणे म्हणाला. "जिथी नजर, तिथी गाडी."

"मंग पाहू कुठी?"

"वळन जिथी संपते, तिथी."

मालकांना एवढं तत्त्वज्ञान पेलणारं नव्हतं. त्यांनी मोहाचं झाड तोडायला सांगितलं. पण झाडंही आता सरकारची झाली आहेत हे मला त्यांना सांगावं लागलं.

अशातच एका लग्नाच्या पंगतीत मालकांची आणि लाकडाच्या ठेकेदाराची जुंपली. ठेकेदाराकडेही जीप होती आणि त्यालाही ती चालवता येत नव्हती, म्हणजे सामना बरोबरीचा होता. उन्हाळ्यात गावचा तलाव आटला की मध्ये थोडं पाणी उरे आणि भोवती टणक जमीन उघडी पडे. त्या पाण्याला वळसा घालत पाच फेरे मारायचे असं ठरलं. हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या जीपपुढे पायी चालत गाव फिरायचं. दोघांनीही पंगतीत पाण्याचा पेला उचलून शपथ घेतली.

त्याच सुमारास सरकारी मोटार सर्विसमध्ये ड्रायव्हर भरणार असल्याची बातमी आली. महिनाअखेर अर्ज द्यायचा होता आणि त्याला शेवटच्या मालकाचा चालचलनाचा दाखला जोडायचा होता. हा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याने काही मागितल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मले चक्का पायजे, दिवाणजी," तो म्हणाला. "सा महिने झाले, हातात चक्का नाई. झोपीतबी हात फिरते."

चक्का म्हणजे स्टिअरिंग. बायको-पोरांच्या नावाने गळा काढला असता तर मी सवयीने मान डोलावली असती. पण हा माणूस नुसता गाडी चालवायला मिळावी म्हणून तळमळत होता, आणि ते ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. मी मालकांकडे विषय काढला. मालक म्हणाले, "शर्यत होऊ द्या. जिकलो तं असा दाखला देतो का सायेब उभा राहून वाचन."

म्हणजे याची नोकरी मालकांच्या वळण्यावर येऊन ठेपली. दुसरा असता तर देवाला नारळ बोलला असता. हा मालकांना घेऊन तलावात उतरला.

आधी त्याने त्यांना जीपला हातच लावू दिला नाही. पायी पळायला लावलं. मालक धोतर खोचून पळताहेत, मागून गडी छत्री धरून पळतोय आणि हा पुढे उभा राहून सांगतोय, हा देखावा पाहायला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रोज गर्दी होऊ लागली. "आता वळा, मालक. पाहा, पाय आधी कमी झाले का नाई? तुमच्या पायाले समजते. गाडीले आपन सांगा लागते." मग जीपमध्ये तेच. वळणाला बाहेरून यायचं, आतल्या कडेला टेकायचं, पुन्हा बाहेर निघायचं. ब्रेक लावायचा तो सरळ असतानाच. एकदा चक्का फिरवला की ब्रेकला पाय लावायचा नाही. "आधी कमी, मंग वळन. वळनात गाडी आपली रायत नाई, मालक. आपली असते तवाच तिले सांगून घ्याचं." दिवसातून शंभरदा तो हेच म्हणे आणि शंभर वेळा त्याचा तळवा हवेत थोपटे.

आणि सांगायला आश्चर्य वाटतं, पण मालक शिकले. शर्यतीच्या दोन दिवस आधी त्यांनी बाभळीकडचं अवघड वळण असं काही घेतलं की जीपमागची धूळसुद्धा एका रेषेत राहिली. हा खाली उतरला, जमिनीवरचे चाकांचे ओरखडे बघत वाकून चालत गेला आणि परत येऊन मला म्हणाला, "झालं, दिवाणजी. कागद काढून ठेवा." मीही कागद काढून ठेवला.

शर्यतीच्या दिवशी पंचक्रोशी लोटली. आमच्या लोकांना शंकरपट पाहायची सवय. पट्ट्यापासून चार हात दूर बसलं की झालं, एवढंच त्यांना माहीत. गाडी वळताना बाहेरच्या बाजूला सरकते हे त्यांना कोण सांगणार? बाभळीच्या वळणावर बाहेरच्या अंगाला बरी सावली होती. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बाया आपल्या टोपल्या आणि लेकरं घेऊन नेमक्या तिथे बसल्या. याने सकाळपासून दोनदा त्यांना उठवलं.

"इथी नोको बसू, बाई. गाडी सरकली तं इकडेच येते."

त्यांच्यातली एक ठसठशीत बाई म्हणाली, "काऊन येईन? रस्ता तं तिकडे वळला."

तो त्यांना हलवून गेला की बाया परत सावलीला येत. तिसऱ्यांदा जायला वेळ मिळाला नाही, कारण शर्यत सुरू झाली आणि त्याला मालकांच्या शेजारी बसावं लागलं.

चार फेरे मालक शहाण्या माणसासारखे चालवत होते. प्रत्येक वळणाआधी जीप हळू होई आणि बाजूने तो हडकुळा हात बाहेर येऊन हवेत थोपटे. ठेकेदार प्रत्येक वळणावर घसरत होता आणि प्रत्येक सरळ पट्ट्यावर भरून काढत होता. पाचव्या फेऱ्याला दोघे बरोबरीत आले. पाळीवरून कोणीतरी शंकरपटातली आरोळी ठोकली आणि मालकांचं रक्त पेटलं. ते जागेवरून अर्धे उठले. मी पाळीवरून पाहत होतो. कासरा ओढायचा तो हात मी ओळखला. समोर बाभळीचं वळण, पलीकडे बाया. त्याचा हात बाहेर आला. एकदा थोपटलं. जीप हळू झाली नाही. पुन्हा थोपटलं.

मग हात आत गेला.

त्याने चावी बंद केली आणि हँडब्रेक ओढला, असं मालकांनीच नंतर शिव्यांमधून सांगितलं. तेही वळणात नाही, वळणाच्या आधी, सरळ असताना. जीप आचके देत बायांपासून एका बैलगाडीच्या अंतरावर थांबली. ठेकेदार मधल्या पाण्यात अर्धा शिरून, पुन्हा निघून, जिंकला. त्या ठसठशीत बाईने मासळीवर धूळ उडाली म्हणून यालाच फैलावर घेतलं. तो टोपलीवरची धूळ फुंकत बसला होता.

मालकांना त्याच संध्याकाळी ताप भरला. गाव फिरायच्या दिवसापर्यंत तो टिकला आणि दुसऱ्या दिवशी आपोआप उतरला. ताप उतरल्यावर त्यांनी मला बोलावलं. "दाखला पायजे ना त्याले? लिवा. हा मानूस मालकाचं आयकत नाई. मालक चालव म्हनते, हा गाडी थांबवते. लिवा, लिवा."

मी लिहिलं. हुकुमाचा ताबेदार माणूस मी, शब्दही गाळला नाही. चार शब्द तेवढे वाढवले. "मालकाने चालव म्हटले तरी, समोर माणसे असली तर, गाडी थांबवतो." मालकांनी वाचल्याशिवाय सही केली. वाचायला चष्मा लागतो हे त्यांना मान्य नव्हतं.

"काय लिवलं, दिवाणजी?" त्याने विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं.

"मालकांनी सांगितलं तेच," मी म्हणालो. याहून जास्त सांगायचं धैर्य मला झालं नाही. ते चार शब्द पुरतील याची माझी मलाच खात्री नव्हती. त्याने कागद टोपीत घातला, मला रामराम केला आणि चालू लागला. चावडीच्या कोपऱ्यावर त्याचा हात बाहेर आला. त्याला परत बोलवावं, दुसरा कागद लिहून द्यावा असं मनात आलं, पण मी जागचा हललो नाही. पुढचा महिनाभर मला जेवण गोड लागलं नाही.

मग एके दिवशी पोंभुर्ण्याची सरकारी मोटार गावात आली आणि खिडकीतून तोच हडकुळा हात. सदऱ्याची गुंडी लावलेली होती. "सायेब दोनदा वाचून हासला, दिवाणजी. मंग म्हने, असाच मानूस पायजे. मालकाले सांगजा, त्यायच्या दाखल्यानं काम झालं."

मी मालकांना सांगितलं. आपल्या सहीला अजून किंमत आहे हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती मोटार तलावाच्या पाळीजवळच्या वळणावर रोज हळू होत असे. ती ठसठशीत बाई तिथेच, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, मासळीची टोपली घेऊन बसू लागली होती. मोटार तिच्या अंगावरून जावी इतक्या जवळून जाई आणि ती मान वर करून पाहतही नसे. हात बाहेर येई, थोपटे, आत जाई.

एका दुपारी मी तिच्याकडे मासळी घेत उभा होतो. मोटार आली ती तशीच वेगात वळणात शिरली आणि मग ब्रेक लागले. मागचं चाक रस्ता सोडून खडीवर घसरलं, सावरलं आणि मोटार धूळ उडवत निघून गेली. खिडकीतून हात बाहेर आला नव्हता.

बाईने मान वर करून धुळीकडे पाहिलं. "आपला गेला वाटते," ती म्हणाली.

तिने टोपलीवरची धूळ फुंकली, टोपली उचलली आणि रस्ता ओलांडून वळणाच्या आतल्या बाजूला जाऊन बसली.