जबाब न मिळालेली बारी

माझे आबा तुरेवाल्यांचे, म्हणजे शिवाची बाजू गाणाऱ्यांचे शाहीर. पेणपासून रोह्यापर्यंत जिथे जिथे जाखडी नाचली, तिथे त्यांचा आवाज गेला. मधे गाणारे, भोवती एका पायात चाळ बांधून फेर धरणारे, आणि समोर पार्वतीची बाजू गाणाऱ्या शक्तीवाल्यांचा दुसरा संच. एका शाहिरानं उभं राहून गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा. जबाब आल्याशिवाय सवाल टाकणारा खाली बसत नाही, हा जुना दंडक.

ही सगळी गाणी मी आबांसोबत वाल सोलता सोलता पाठ केली. पण फडात बाईनं गायचं नाही, हा दंडक खुद्द आबांचा. भावाचा आवाज फाटका, तरी त्याला मधे बसवलं आणि मला चहाच्या किटलीपाशी.

यंदा गणपतीत गडब गावात दुपारची बारी, म्हणजे दोन संचांचा सामना होता. समोरच्या नव्या मंडळानं शाहीर आणलाच नव्हता, लॅपटॉप आणला होता. पोरं ट्रॅकवर झकास नाचली, खोटं कशाला बोला. मग आबा उठले आणि त्यांनी सवाल टाकला: शिवानं गंगा डोईवर घेतली, तेव्हा पार्वतीनं काय सोडलं?

समोरच्यांनी पुढचा ट्रॅक लावला. टाळ्या पडल्या. आबा उभेच. बसा आता, असं आयोजकांनी माइकवरून सांगितलं, तरी ते हलले नाहीत. शेवटी एकानं शाल पांघरायच्या निमित्तानं खांदा दाबून त्यांना बसवलं. लोक हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. जबाब माझ्या जिभेवर होता आणि हातात किटली.

घरी आल्यावर आबा पडवीत शाल काखेत धरून उभे राहिले. दोनदा सांगूनही पाटावर बसेनात.

"तुला येत व्हता ना गो जबाब?"

"व्हय."

"मंग गायलीस का नाय?"

मला रडू नाही आलं, संताप आला. जन्मभर बाहेरून कडी लावून ठेवायची, आणि घर पेटल्यावर विचारायचं, बाहेर का नाही आलीस?

"बोलणं," मी म्हटलं. "पार्वतीनं बोलणं सोडलं, आबा. तुमीच शिकवलात."

आबा खाली बसले.