रुख्माकाकू आणि कावऱ्याची मालिका

केशोरीत आमचं आणि रुख्माकाकूचं घर एका भिंतीला लागून आहे. मी इथल्या अंगणवाडीत सेविका. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या भिंतीपलीकडची भांडणं ऐकत आले, आणि खरं सांगायचं तर आवडीनं ऐकत आले. काकूचा नवरा कवडूकाका दंडारीतला सोंगाड्या. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि रात्रभर दंडारीचा खेळ चालतो. त्यात काका नुसता येऊन उभा राहिला, तरी त्यानं तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागायचे. घरी मात्र त्याला हसवायची ती काकू.

"रातभर राजा होऊन आले ना? मंग आता राजानं म्हशीले पानी दाखवावं," ती म्हणायची, आणि पलीकडून काकाला ठसका लागल्याचा आवाज यायचा.

त्याच अंगणात काकाचा धाकटा भाऊ उदाराम राहतो. त्याला खर्ऱ्याचं व्यसन. सुपारी-तंबाखूची ती पुडी सकाळी तोंडात गेली की उदारामचं बोलणं दिवसभर अर्धंच ऐकू येतं. काका त्याला रोज शिव्या द्यायचा. "अबे, थुकून बोल, नाई तं बोलू नको!" हे वाक्य आमच्या आळीत कोंबड्याच्या आरवण्याइतकं नेमाचं होतं.

माघात धानाची विक्री आटोपली आणि एका सकाळी काका छातीत दुखतंय म्हणाला. अर्जुनीच्या दवाखान्याची वाट अर्धी व्हायच्या आत सगळं संपलं.

दहाव्याला सगळे तळ्याच्या पाळीवर जमलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या अर्जुनाच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. मुलगा दुर्गेश हात जोडून म्हणाला, "बाबूजी, मी आईला सांभाळीन." कावळे तसेच. सून मोनाली काही बोलली, चुलतभाऊ काही बोलला. कुणी म्हणालं, बांधीच्या धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, तंटा मिटवू. कुणी म्हणालं, मंदिराला घंटा देऊ. कावळे मान वाकडी करून बघत राहिले. शेवटी उन्हानं घामाघूम झालेला उदाराम पुढं आला, आणि तोंडातला खर्रा कसाबसा बाजूला सारून म्हणाला, "दादा, मी खर्रा सोडतो."

झाडावरून एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच मारून गेला.

लोकांनी हात जोडले. कितीतरी जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही बाया जरा लांब पळसाखाली होतो. काकूनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. मी तिला कवेत धरलं. शेजारची धनवंता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रड, बाई, रड," ती म्हणाली. "दाबून नको ठेवू."

धनवंताला ते म्हणायचा हक्क होता. तिचा गुलशन आदल्याच वर्षी मोटरसायकलवरून पडून गेला होता. त्याच्यासाठी मुली पाहणं सुरू होतं.

त्या दिवसापासून काकू गप्प झाली. काम सगळं करायची. म्हशीचं, गोठ्याचं, मिरचीच्या तोडीचं. पण रडली नाही, हसली नाही, कुणाला फटकन बोलली नाही. दुर्गेश गोंदियात राइस मिलमध्ये कामाला, रविवारी यायचा आणि आईकडे बघून जास्तच अस्वस्थ होऊन परत जायचा.

होळीनंतर टीव्हीवर ती मालिका सुरू झाली. नाव काही तरी लांबलचक होतं, गावात सगळे तिला कावऱ्याची मालिका म्हणत. आमच्या बोलीत कावळा म्हणजे कावरा. गोष्ट अशी, की एका घरातला बाप मरतो आणि दहाव्याला कावळा शिवत नाही. मग घरातले एकेक जण त्याची राहिलेली इच्छा शोधायला लागतात. रोज कुणी तरी काही तरी कबूल करतं, रोज काही तरी भलतंच निघतं. हसायचं की हळहळायचं ते कळत नाही, अशी. काकूच्या घरी टीव्ही मोठा, म्हणून संध्याकाळी आळीतल्या बाया तिथं बसायच्या. काकू कोपऱ्यात लसूण सोलत बसायची, पडद्याकडे बघायची नाही.

एका संध्याकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते आणि भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं. साधं हसणं नाही, श्वास अडकून पुन्हा सुटणारं. गॅस बंद करून मी धावले. मला वाटलं, काकूला काही झालं.

मालिकेत त्या दिवशी मेलेल्या माणसाचा जावई पिंडासमोर शपथ घेत होता, की मी दारू सोडली, आणि शपथ घेताना त्याच्या खिशातून बाटली खाली पडली. काकू भिंतीला टेकून हसत होती. लसणाचं सूप उलटं झालेलं, पाकळ्या सगळीकडे.

"आई, काय झालं?" मोनाली घाबरून विचारत होती.

"कावरा," काकू म्हणाली. पुढं बोलताच येईना. "भाऊजीनं म्हटलं खर्रा सोडतो... आन तो आला ना वो! हेच आयकाले बसला होता मेला!"

तेव्हा मला उमगलं. तळ्याच्या पाळीवर तिचे खांदे हलत होते ते रडण्यानं नव्हे. इतके दिवस ती ते हसू आत घेऊन बसली होती आणि त्याची लाज वाटून रडणंही तिनं अडवून धरलं होतं. हसता हसताच तिचं रडू फुटलं. "ह्ये सांगाले तेच पायजे होते मले," ती म्हणत होती. "घरी येऊन सांगावं म्हटलं, तं घरी कोनीच नाई." मी आणि मोनाली तिच्या दोन्ही बाजूंना बसून राहिलो.

या सगळ्यात धनवंता केव्हा उठली ते आम्हाला कळलं नाही. तिच्या चपला दारातच राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की कवडूची बायको कावळ्यावर हसली. पानठेल्यावर दोन तट पडले. एक म्हणे, मेलेल्या माणसाची अशी थट्टा टीव्हीवर दाखवणं म्हणजे पाप. दुसरा म्हणे, आपल्याकडे दहाव्याला याहून जास्त तमाशे होतात, तेव्हा कोण बंद करतं? मोनालीच्या मोबाइलवरही तेच. मालिकेखाली लोकांनी लिहिलेलं ती वाचून दाखवायची. कुणी लिहिलं होतं, शरम वाटायला पाहिजे. कुणी लिहिलं होतं, आई गेल्यानंतर आज आम्ही भावंडं पहिल्यांदा एकत्र हसलो. एका बाईनं फक्त एवढंच लिहिलं होतं, की मी अर्ध्यात बंद केली, मला झेपली नाही.

"ही आपली धनवंताच हाय," काकू म्हणाली.

दुर्गेशला कुणी तरी फोन करून सांगितलं, तसा त्यानं आईला फोन लावला; मोनालीनं तो स्पीकरवर ठेवला. गोंदियात राहून त्याच्या बोलण्यात निम्मी हिंदी आलेली. "आई, लोग क्या बोलेंगे? बाबूजीला वर्ष नाही झालं अजून."

"लोकायले बोलू दे," काकू म्हणाली. "तू सांग, तुले काय वाटते?"

 मग तो म्हणाला, "मलेबी हसू आलं होतं. त्या दिवशी. मी खाली पाहून राहिलो होतो." आणि फोन ठेवला.

काकू धनवंताच्या चपला हातात घेऊन निघाली, तेव्हा मीही सोबत गेले. धनवंता ओट्यावर वाळलेल्या मिरच्यांची देठं खुडत होती. काकूनं चपला खाली ठेवल्या, समोर बसली आणि ढिगातल्या मिरच्या घेऊन स्वतःही खुडायला लागली.  मिरचीच्या खकाण्यानं मला शिंका यायला लागल्या.

"तुमाले हासू येते," शेवटी धनवंता म्हणाली. "तुहा मानूस सुनेचं तोंड पाहून गेला, बाई. त्याचं सगरं झालं होतं. माह्या पोराचं काय झालं होतं? त्याच्या पिंडाले कावरा पटकन शिवला. लोक म्हणे, चांगलं झालं, त्याची काई इच्छा नोती. नोती? बावीस वर्साच्या पोराले इच्छा नोती?"

मला वाटलं, काकू काही समजावेल. ती समजावण्यात पटाईत आहे. पण ती एवढंच म्हणाली, "होती. काऊन नसन?"

धनवंता रडली. काकूनं हात पुढं केला नाही, कारण दोघींचेही हात तिखट होते.

"मी नाई पाहनार ते," डोळे दंडाला पुसत धनवंता म्हणाली.

"नको पाहू. मी पाहतो. पन आवाज बारीक ठेवीन." आमच्याकडच्या बाया 'पाहतो' असंच म्हणतात. आणि त्या संध्याकाळपासून काकूच्या टीव्हीचा आवाज खरंच इतका बारीक झाला, की बायांना पडद्याला नाक लावून बसावं लागे. कुरकुर झाली. "ज्याले मोठा पायजे त्यानं आपल्या घरी पाहावं," काकू म्हणाली. मला बरं वाटलं. तिचं ते फटकन बोलणं परत आलं होतं.

उदाराम मात्र ऐकेना. सगळ्यात जास्त राग त्यालाच आला होता. तो मालिका कशी वाईट आहे हे बघायला रोज खिडकीबाहेर उभा राहायचा, आणि एकही भाग चुकवायचा नाही. एका संध्याकाळी तो आत आला आणि टीव्हीपुढं उभा राहिला.

"वयनी, बन करा हे. शपथेची थट्टा होऊन राहिली. दादाच्या आत्म्याले काय वाटन?"

"भाऊजी," काकू शांतपणे म्हणाली, "तोंडात काय हाय?"

उदारामनं गिळलं. खर्रा गिळला म्हणजे काय होतं ते खाणाऱ्यालाच ठाऊक. त्याचा चेहरा असा झाला, की मोनाली पाणी आणायला पळाली आणि बायांना हसू आवरेना. काकू हसली नाही. तिनं त्याला खाली बसवलं, पाणी पाजलं, पाठ चोळली.

जरा सावरल्यावर उदाराम हळूच म्हणाला, "मी रोज सोडतो, वयनी. रोज सकारी फेकतो. मंग पुडी बांधून घेतो आन अंगनात येऊन उभा राहतो. वाटते, आता दादा शिव्या देईन." त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "शिव्या खाल्ल्याबिगर तो खर्राबी गोड नाई लागत."

टीव्ही चालूच होता, पण कुणाचं लक्ष नव्हतं. काकूनं डोक्यावरचा पदर सारखा केला, एक मोठा श्वास घेतला आणि अगदी काकाच्या आवाजात ओरडली, "अबे, थुकून बोल, नाई तं बोलू नको!"

उदाराम दचकला. मग गुडघ्यांत डोकं घालून तो हसायला लागला, का रडायला, ते मला तरी सांगता येणार नाही. तो अजूनही खातो. पण कमी केलं म्हणतो, आणि काकू रोज सकाळी अंगणात त्याला शिव्या देते.

मालिका फार दिवस चालली नाही. वाहिनीकडे तक्रारी गेल्या, असं कुणी म्हणालं. बघणारे कमी होते, असं कुणी म्हणालं. त्या वेळेला दुसरी मालिका आली, दोन जावांच्या भांडणाची, आणि तिच्याबद्दल कुणाचंच काही वेगळं मत नव्हतं. बाया हळूहळू आपापल्या घरी बसायला लागल्या.

रोवणी आली. धानाच्या बांधीत चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बायांची काकू म्होरकी. या वर्षी ती पहिल्यासारखी पुढं उभी राहिली, आणि गुलशन गेल्यापासून रोवणीला न आलेली धनवंताही आली. तिला कुणी काही विचारलं नाही. काकूनं तिला आपल्या बाजूची जागा दिली.

दुपारी भाकरी सोडायच्या आधी, वाकल्या वाकल्याच धनवंता म्हणाली, "गुलशनले चिखलाची लय किळस होती वो."

 तिच्यासमोर त्याचं नाव आम्ही कुणीच घेत नसू. नाव निघालं की विषय बदलायची आम्हाला सवय लागली होती. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं, पण काकूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी थांबले.

"मंग?" काकू म्हणाली. "बांधीत उतरे तं कसा उतरे?"

"पायात पिशव्या बांधून उतरे. पन्नीच्या. वरून डोऱ्यावर काळा चष्मा." धनवंता थांबली, हातातलं रोप तिनं चिखलात खोचलं. "एक डाव दोन्ही पिशव्या चिखलात रुतल्या. तो तसाच उभा. म्हणे, मा, मले उपटून घे. मी म्हटलं, रोप हायेस का तू? मंग बापानं खांद्यावर घेतला. येवढा मोठा घोडा, चष्मा घालून बापाच्या खांद्यावर. सगऱ्या गावानं पाह्यलं."

एक जण हसली. दुसरीनं कोपरानं डोळे पुसले. मोनाली दोन्ही करत होती. धनवंता स्वतः हसली नाही, पण तिनं सांगणं थांबवलंही नाही. चष्मा कुठून आणला होता, कितीला आणला होता, कोणत्या मुलीला दाखवायला आणला होता, सगळं सांगत राहिली. आणि काकू मध्ये मध्ये "मंग?" म्हणत रांग पुढं सरकवत राहिली.