आपोआप वाढलेली मुलं

माझी ताई कवळ्या करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घेऊन पाठवतात. त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचा, मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा, वरचे-खालचे दात नीट जुळतात का ते बघायचं आणि पक्की कवळी तयार झाली की घासून घासून गुळगुळीत करायची. हे काम ती इकडेच शिकली. लग्नानंतर परदेशात गेल्यावर भाऊजींच्या आधी तिला नोकरी लागली ती या कामामुळेच. तिच्या नखांत कायम गुलाबी मेण असतं आणि केसांत प्लास्टरची पूड. ती मुळात रागीट नाही. आमच्या घरात चिडायचं खातं लहानपणापासून माझ्याकडे होतं. ती चिडलेली मी पहिल्यांदा पाहिली ती गेल्या वर्षी.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. कुठे कोणी अडकलं की फोन येतो आणि हातातलं टाकून पळावं लागतं. मुलं दोन, थोरली सात वर्षांची, धाकटा तीनचा. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. धाकटा जरा पळाला की खालचा म्हातारा छताला काठी ठोकायचा. मग त्याला जाड मोजे घालून गादीवरच उड्या मारायची सवय लावली, तर म्हातारा त्यालाही ठोकायचा. पाळणाघर सहाला बंद व्हायचं. सहा वाजून पाच मिनिटं झाली की तिथली बाई रजिस्टर पुढे करायची, उशिराची सही करा. तीन सह्या झाल्या की घरी पत्र. ताईकडे अशी चार पत्रं जमली होती.

एकदा दुपारी पाळणाघरातून फोन आला, मुलाला ताप आहे, अर्ध्या तासात घेऊन जा. ताईच्या पुढ्यात मेणात अर्धे बसवलेले दात. डॉक्टरांनी सकाळपासून दोनदा विचारलेलं काम. तिने भाऊजींना फोन लावला, तर ते दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या पाच माणसांना दाराआडून धीर देत होते. शेवटी ताईच गेली. ती कवळी दुसऱ्या कोणी तरी पुरी केली, ती पेशंटच्या तोंडात बसेना, आणि बोलणी ताईने खाल्ली.

संध्याकाळी भाऊजी आले. मुलाच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "आमच्या घरी मुलं कशी आपोआप वाढली. कोणाला कळलंसुद्धा नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. थोरलीचा शाळेत पहिला दिवस होता तेव्हा, धाकट्याला कांजिण्या झाल्या तेव्हा, रविवारी चार माणसांचे कपडे वाळत घालायला जागा पुरेना तेव्हा, दर वेळी तेच. वर सासूबाईंचा फोन असायचा. "आम्ही दोन मुलं वाढवली, पण कधी बोभाटा केला नाही." ताई निमूट ऐकायची. मग मला फोन करायची आणि बोलता बोलता भांडी आपटायची. आवाजावरून मला कळायचं की आज काय प्रतीचा दिवस गेलाय.

गेल्या वर्षी दोघांनी आठ आठवड्यांची रजा साठवली आणि मुलांना घेऊन इकडे आले. भाऊजींच्या घरी सासूबाई, थोरला भाऊ म्हणजे दादा, त्यांची बायको आणि त्यांची दोन मुलं. दादांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात, ताईही आणि मीही. वहिनी एके काळी शाळेत चित्रकला शिकवायच्या. पहिल्या मुलाच्या वेळी वर्षभराची रजा घेतली, ती तेरा वर्षं चालू होती.

पहिले तीन आठवडे ताई नुसती झोपली. मी खोटं नाही सांगत, मी भेटायला जायची तेव्हा अकरा वाजता ती नुकतीच उठलेली असायची आणि दोनला पुन्हा आडवी. चेहऱ्यावर तुकतुकी आली. मुलं सकाळी उठून गल्लीत पळायची ती जेवायलाच सापडायची. पळण्यावरून काठी ठोकणारं कोणी नव्हतं. धाकटा तिकडे चार महिन्यांत जेवढं बोलला नव्हता तेवढं आठवड्यात बोलायला लागला. थोरलीच्या वेण्या रोज घट्ट घातलेल्या, रिबिनीसकट. भाऊजी पलंगावर पाय पसरून ताईकडे असं बघायचे की, बघ, म्हणालो नव्हतो?

ताईलाही तसंच वाटत होतं. हे ती मला नंतर स्वतः म्हणाली. "मी विचारलंच नाही गं, वेण्या कोण घालतंय. मिळतंय ना, घ्या. दोन-तीनदा मदत करते म्हटलं. वहिनी म्हणाल्या, राहू दे, तू दमून आली आहेस. मी लगेच राहू दिलं."

एका पहाटे पाण्याला उठली तेव्हा तिने पाहिलं. पाच वाजले होते. वहिनी ओट्याशी उभ्या, एका हाताने भाजी परततायत, दुसऱ्या हाताने कंबर दाबून धरलेली. शेजारी घरातल्यांचे डबे-बाटल्या मांडलेल्या, त्यात ताईच्या धाकट्याची दुधाची बाटलीही होती. तिच्यावर कागदाची चिठ्ठी: साखर नको, कोमट. तिच्या मुलाला साखर चालत नाही हे ताईने या घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. वहिनींनी आपलं आपण ताडलं होतं. ताई पाणी पिऊन परत गेली, पण मग तिला झोप लागली नाही.

त्याच रविवारी मी जेवायला होते. दोन पंगती व्हायच्या, आधी पुरुष, मुलं आणि पाहुणे, मग उरलेले. मी आणि ताई पाहुण्यांत. वहिनी वाढत होत्या. भात दुसऱ्यांदा आला तेव्हा भाऊजींनी घसा साफ केला.

"आई, मी ठरवलंय. तिकडचं आवरायचं. सहा महिन्यांत इकडे कायमचं."

मी ताईकडे पाहिलं. तिचा घास हातातच. तिला हे आत्ता कळत होतं, आमच्याबरोबर.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दादा खूश झाले. "वरची खोली तुम्हाला देऊ. नोकरीचं बघू, लिफ्टा इकडेही बंद पडतातच."

"मुलांसाठीच रे," भाऊजी म्हणाले. "तिकडे पाळणाघरातल्या बाईला याचं नाव धड घेता येत नाही. इथे आजी आहे, वहिनी आहे, भावंडं आहेत. आपण कसे वाढलो? आपोआप. तुझी मुलंही बघ, आपोआपच वाढली."

"कोणी वाढवली?" ताईने विचारलं.

"म्हणजे?"

"दादांची मुलं. कोणी वाढवली?"

दादा हसले. "घरात वाढली, अजून कशी?"

"दादा, तुमच्या धाकट्याला कोणतं औषध चालत नाही?"

दादांनी वहिनींकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे बघू नका. तुम्ही सांगा."

"हे काय चाललंय?" भाऊजी म्हणाले.

"तुलाही विचारते. या तीन आठवड्यांत आपल्या मुलाला रोज अंघोळ कोण घालतं?"

"तू."

"मी नाही. मी झोपलेली असते. तुला ते माहीतसुद्धा नाही, आणि तू अख्खं बिऱ्हाड हलवायला निघालास." ताईचा आवाज चढला नव्हता, पण कवळी घासायच्या मशीनसारखा एकसुरी लागला होता, आणि मला ते जास्त भीतीदायक वाटलं. "तिकडे मी बारा तास उभी असते, तर मी कुरकुरी. इकडे या पहाटे पाचपासून उभ्या असतात, तर त्याचं नाव आपोआप."

सासूबाईंनी पदर खाली घेतला. "घरच्या बाईने घरचं केलं तर बिघडलं काय? मीही केलं. तोंडातून शब्द नाही काढला."

"काढायला हवा होता, आई. म्हणजे तुमच्या मुलांना कळलं असतं."

मग नेहमी होतं तेच झालं. सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं, आता ही काही तरी गोड बोलून झाकेल म्हणून. वहिनी हातात भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं आणि बोलल्या त्या दादांशी नाही, भाऊजींशी नाही, ताईशी.

"तू माझ्या वतीने कशाला बोलतेस? तीन आठवडे तूही खरकटं ताट तिथेच सोडून उठलीस."

ताईने हातातला घास ताटात ठेवला.

"आता मुलांचं," वहिनी पुढे म्हणाल्या. "मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतंत तर नाही म्हटलं असतं. आणखी दोन मुलांचं माझ्याच्याने होणार नाही. तुमची आहेत, गोड आहेत, पण होणार नाही."

मग त्यांनी स्वतःसाठी ताट घेतलं, आमच्याच पंगतीत बसल्या आणि जेवल्या. अगदी शांतपणे, पोटभर. हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "उद्या मी माझ्या बहिणीकडे जाते. दोन आठवडे."

दादांना वाटलं, बोलतेय. सकाळी सातला त्या बॅग घेऊन निघाल्या.

पहिल्या दिवशी मुलांना शाळेत उशीर झाला. दुसऱ्या दिवशी दादांना ऑफिसात. तिसऱ्या दिवशी पाण्याची टाकी वाहून जिना भिजला, कारण मोटर कधी बंद करायची ते वहिनी सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी ताईला बोलावलं. "आता तू आहेस ना घरात."

"मी माझ्या दोघांचं करीन आणि एका वेळचा स्वयंपाक करीन. बाकीचं करायला तुमचे दोन मुलगे आहेत."

"घर मोडायला आलीस तू."

"मोडलेलंच होतं, आई. त्या उचलून धरत होत्या."

त्यावर सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. भाऊजींनी दोन दिवस टाकलं. तिसऱ्या दिवशी गच्चीवर दोघांची जुंपली. ताईने मला त्यातलं एवढंच सांगितलं. भाऊजी म्हणाले, "तिकडे मला कोणी बोलावलं तर बिघाड झाला म्हणून बोलावतात. दहा वर्षांत कोणी सहज ये म्हणालेलं नाही. इथे मी रस्त्याने चाललो तरी चार जण हाक मारतात. तुला ते कळत नाही."

"कळतं," ताई म्हणाली. "मलाही तिकडे कोणी हाक मारत नाही. पण तुझ्या एकटेपणाचा भार वहिनींच्या कंबरेवर टाकायला तुला लाज वाटत नाही?"

भाऊजी खाली आले आणि पुढचे दहा दिवस घरातली भांडी त्यांनी घासली. रागाने घासली, दोन कप फोडले, पण घासली. दादा नुसते बाहेरून डबे आणत राहिले.

वहिनी ठरल्या दिवशी नाही, सोळाव्या दिवशी परत आल्या. येण्याआधी त्यांनी जुन्या शाळेत जाऊन चौकशी केली होती. तिथल्या चित्रकलेच्या बाई आजारी होत्या, वर्षभरासाठी जागा होती. घरात येऊन त्यांनी ते सांगितलं, विचारलं नाही. ताईला वाटलं होतं, आता त्या आपल्याला जवळ घेतील. तसं काही झालं नाही. निघायच्या दिवशी ताई पाया पडायला वाकली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आलीस की पहाटे उठ."

ताई आणि भाऊजी तिकडे परतले. भाऊजींनी कामावर सांगून अडकलेल्यांना सोडवायचं काम सोडलं आणि ठरलेल्या इमारतींची तपासणी मागून घेतली. आता सहाच्या आत पाळणाघरात ते जातात. पहिले तीन महिने तोंड फुगवून जायचे. धाकट्याला त्यांनी मापाचे बूट स्वतः आणले, आणि ते उलट्या पायांत घालून त्याला आठवडाभर पाळणाघरात सोडलं. ताईने सांगितलं नाही. शिकेल, म्हणाली.

गेल्या महिन्यात दादांचा फोन आला. घराला घरपण राहिलं नाही, म्हणाले, ही शाळेतून येईपर्यंत सगळं तसंच पडलेलं असतं.

"मग तू उचल ना," भाऊजी म्हणाले.

"बायकोने शिकवलं वाटतं तुला."

"हो, बायकोनेच. आईने शिकवलं असतं तर लवकर आलं असतं."

सासूबाई दादांच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. तेव्हापासून त्या घरातून ताईच्या घरी फोन नाही. वहिनींचा मात्र रविवारी येतो, मुलांसाठी, पाच मिनिटांचा.

ताई मला हे सांगत होती तेव्हा मी हसले. ती हसली नाही. "त्याला एवढं कळायला दहा वर्षं गेली आणि एक आख्खी बाई खर्ची पडली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अजून त्या मशीनसारखाच एकसुरी होता.