हिमोग्लोबिन आठ आणि माझा चढलेला पारा

नको, चहा नको! आधी ऐका, मग तुम्ही आग्रहच करणार नाही. अशी काही माती खाल्लीय मी, की आठवलं तरी डोकं तडकतं.

माझं ऑपरेशन ठरलं होतं, गर्भाशयातली गाठ काढायचं. रजा मंजूर, सासूबाई जुईनगरला येऊन राहायला तयार. आणि डॉक्टर म्हणाल्या, "हिमोग्लोबिन आठ. दहाच्या वर गेल्याशिवाय मी हात लावणार नाही." लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिने एक दिवस चुकवला नाही हो! परत तपासलं. किती निघावं? आठच! तारीख गेली पुढे.

माझं टाळकंच सरकलं. रिपोर्ट घेतला आणि तरातरा गेले सागरच्या मेडिकलमध्ये. हा सागर माझाच विद्यार्थी. खारघरच्या कॉलेजात बारावीला बायॉलॉजी शिकवते ना मी, वीस वर्षं!

"सागर, लाज नाही वाटत? स्वतःच्या मॅडमला डुप्लिकेट गोळ्या देतोस?"

"मॅडम, ओरिजिनल आहेत, शप्पथ! पाकीट बघा ना..."

"गप! मला शिकवतोस?"

दुकानात चार गिऱ्हाईकं उभी. मला काय त्याचं! मी तिथेच तास सुरू केला.

"लोह रक्तात एकटं फिरत नाही. ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाच्या गाडीत बसून येतं. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे दारं समज. गाडी दाराला लागली की पेशी तिला लोहासकट आत ओढते, लोह उतरवून घेते आणि रिकामी गाडी परत पाठवते. आणि लोह कमी पडलं की पेशी दारं वाढवते! म्हणजे माझ्या पेशी बिचाऱ्या दारं उघडून बसल्यात, आणि तुझ्या गोळीत लोहच नाही!"

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. बसा. चहा घ्या आधी." त्याने शेजारच्या टपरीवरचा कप माझ्या हातात दिला.

"थांब, तुझ्यासमोरच घेते गोळी. मग सांग, मी चुकवते का ते!" पर्समधून गोळी काढली, तोंडात टाकली आणि वरून चहाचा घोट मारला.

सागर बघतच राहिला. "मॅडम... रोज अशीच घेता? चहाबरोबर?"

"मग काय! सकाळच्या घाईत हातात कप असतोच, त्यात..."

मी हातातल्या कपाकडे पाहिलं.

तो हळूच म्हणाला, "दारं उघडीच असतील हो तुमच्या पेशींची. पण चहा लोहाला आतड्यातच धरून ठेवतो ना? ते रक्तात उतरलंच नाही, तर गाडीत बसणार काय?"

"हे... हे कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. तोंडी परीक्षेत मला हेच आलं नव्हतं. तुम्ही अर्धा तास वर्गाबाहेर उभं केलं होतं."

दोन महिने! ऑपरेशन मीच लांबवलं, आणि बोलणी खाल्ली त्या बिचाऱ्याने. काय संताप आला म्हणून सांगू, स्वतःचाच! उठले, पायऱ्या उतरले आणि दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले.

आतून सागरची हाक आली, "मॅडम, तो कप तेवढा इकडे द्या!"