जीनाने कातलेला शाफ्ट

भुईगावच्या रिटाबाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण पोटच्या पोरीचं गणित काही त्यांना सुटलं नव्हतं. बारावीला चांगले गुण मिळवून जीना म्हणाली, "मम्मी, मी आयटीआयला जाते. टर्नर होते." वर्गात ती एकटीच मुलगी. दोन वर्षं शिकली, पास झाली आणि वालीवला श्रीरंग सावंतांच्या गाळ्यात कामाला लागली. पण आठ महिन्यांत तिच्या हाती आली ती कानस आणि झाडू. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, तिथला टर्नर सुरज. जीनाने त्याने कातलेल्या तुकड्यांच्या कडा घासायच्या आणि खाली पडलेला लोखंडाचा कीस गोळा करायचा. सुरज जेवायला गेला की लेथ तिचा, तेवढा अर्धा तास.

रिटाबाईंचा जीव टांगणीला. संध्याकाळी दार वाजलं की त्यांची नजर आधी पोरीच्या बोटांवर जायची. दहाच्या दहा दिसली की मगच "आलीस?" म्हणायच्या. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी मारियामातेचं पदक फादरांकडून आशीर्वादित करून आणलं आणि लाल दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधलं. आणि मे महिन्यातल्या एका सकाळी झाडताना तेच पदक त्यांना क्रूसामागच्या खिळ्याला लटकलेलं दिसलं. म्हणजे पोरगी रोज काढून ठेवून जात होती! त्यांनी पदक पर्समध्ये टाकलं. बँकेच्या परीक्षेचा अर्ज तिथे आधीपासून होताच. आज सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवून त्या तडक वालीवला गेल्या.

गाळ्याच्या दारातच होळी गावचे थॉमस उभे. त्यांची भाजीची वाडी, आणि विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट तुटलेला. शाफ्ट म्हणजे मोटरची ताकद पंपाच्या पंख्यापर्यंत नेणारा पोलादी दांडा.

"टीचर, दोन दिवस पाणी नाही. वांगी माना टाकायला लागलीत," ते म्हणाले. "आणि हा सुरज नेमका तापाने पडलाय. आता सावंत म्हणतात, जीना करेल. पोरगी करणार?"

श्रीरंग सावंतांनी चष्म्यावरून पाहिलं. "दुसरा टर्नर असेल तर घेऊन या की. या जातीचं पोलाद माझ्याकडे एवढं एकच आहे. जमलं तर लेथ तिचा. बिघडलं तर तुमची वांगी गेली, आणि तिची कानस तिच्यापाशी."

रिटाबाईंनी पर्सची चेन उघडून पदक बाहेर काढलं आणि त्या पुढे झाल्या. तोच सावंत ओरडले, "बाई, पदर खोचा आधी! लेथ चालू होतोय!"

लेथपाशी उभ्या असलेल्या जीनाने मागे वळून पाहिलं. केस घट्ट बांधून टोपीत कोंबलेले, बाह्या कोपरापर्यंत. आईच्या हातातला लाल दोरा पाहून ती म्हणाली, "मम्मी, ओरडू नकोस. हा चक मिनिटाला पाचशे वेळा फिरतो. दोरा त्यात अडकला तर दोऱ्यामागून मान जाते. म्हणून काढून ठेवते. टाकलं नाही मी."

रिटाबाईंनी हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं. आपणच पोरीच्या गळ्यात काय बांधलं होतं! त्यांनी दोरा मुठीत आवळला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

चक म्हणजे तीन जबड्यांची पकड. त्या पकडीने पोलादाचं एक टोक आवळून धरलं, दुसऱ्या टोकाला समोरून टोकदार आधार आला. बटण दाबताच दांडा गरगर फिरू लागला. मग जीनाने चाक फिरवून कापायचं हत्यार हलकेच त्याला भिडवलं. रिटाबाईंना वाटलं होतं, ठिणग्या उडतील, कानठळ्या बसतील. पण हे तर दुधी सोलण्यासारखं होतं! सुरी एका जागी, फळ फिरतंय आणि साल लांबच लांब सुटतेय. फरक इतकाच की इथे साल निळसर, तापलेली आणि धारदार होती. जीना ती आकड्याने बाजूला ओढत होती, हाताने नव्हे.

"यावर काय काय बनतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"गोल असेल ते सगळं," सावंत म्हणाले. "होडीच्या इंजिनाचे बुश, गिरणीचे रूळ, नटबोल्टचे आटे. तुमच्या चर्चच्या फाटकाची खीळसुद्धा इथलीच."

तासाभरात दांड्याला पायऱ्या पडल्या, टोकाला पंखा बसवायचे आटे पडले. राहिली बेअरिंगची जागा. ती बरोबर पंचवीस मिलिमीटर हवी. जास्त राहिली तर बेअरिंग चढणार नाही, कमी झाली तर सैल बसून चार दिवसांत पंप खडखडेल. आणि कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

जीनाने लेथ थांबवून माप घेतलं. "पंचवीस आणि दोन दशांश. अजून दोन दशांश काढायचंय."

थॉमस पुढे वाकले. हत्यार आत सरकवणाऱ्या चाकाला आकड्यांची चकती होती, एका घराला एक दशांश. जीनाने एकच घर फिरवलं आणि हात काढला.

"अगं, दोन ना?" थॉमस म्हणाले. "फिरव आणखी एक!"

जीनाने चाकाला पुन्हा हात लावला नाही.

"सावंत, बघा! पोरगी घाबरली. मी सांगत होतो..."

आणि भिंतीपासून शाळेतला आवाज आला. "थॉमस! गप्प बस!"

सगळे वळले. रिटाबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"हत्यार एका बाजूनं आत जातं. पण दांडा गोल फिरतोय. एका बाजूनं एक गेलं की समोरूनही एक गेलं. झाले किती?"

थॉमसनी बोटं उघडली, मिटली. "...दोन."

"त्रिज्या आणि व्यास! सातवीत काय खिडकीबाहेर बघत होतास?"

"टीचर, मी सातवीत गेलोच कुठे?" थॉमस म्हणाले, आणि सावंत इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

जीना हसली नाही. तिचं लक्ष दांड्यावर. साल आता केसासारखी बारीक सुटत होती. लेथ थांबला. तिने माप घेतलं, पुसून पुन्हा घेतलं, आणि मापक सावंतांपुढे धरलं. त्यांनी स्वतः बेअरिंग घेऊन दांड्यावर टेकवलं, लाकडाच्या ठोकळ्याने चार हलके ठोके दिले. बेअरिंग सरकत गेलं आणि जागेवर घट्ट बसलं, तसूभरही न हलता.

"सुरजला दोनदा तरी बेअरिंग काढून दांडा घासावा लागतो," सावंत म्हणाले. त्यांनी खिशातून हत्यारांच्या कपाटाची किल्ली काढली आणि जीनाच्या काळ्या, तेलकट तळहातावर ठेवली. "लेथ तुझा. सुरजला मी मागचा देतो."

ऊन उतरायच्या आत होळीच्या वाडीत पंप बसला. थॉमसनी बटण दाबलं. पंप गुरगुरला, पाइप थरथरला, आणि पाणी असं उसळलं की रिटाबाईंची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. त्या मागे सरकल्या नाहीत. त्यांनी मुठीतला दोरा सोडवून पाटात टाकला आणि नुसतं पदक जीनाच्या खिशात घालून वरून बटण लावलं. बँकेचा अर्ज? पाटाच्या कडेला ठेवलेल्या पर्समध्ये पाणी शिरून तो केव्हाच लगदा झाला होता.

बांधापलीकडून शेजाऱ्याने विचारलं, "थॉमस, शाफ्ट कुठून आणलास?"

"आमच्या टीचरच्या पोरीनं केला!"

"पोरीनं नाही," रिटाबाईंनी बांधाच्या अलीकडूनच दुरुस्त केलं. "टर्नरनं."

थॉमसनी मुकाट्याने दोन कोवळे दुधी तोडून त्यांच्यापुढे धरले. "घ्या टीचर. मोजून घ्या, दोनच आहेत. का एकच तोडायला हवा होता?"