जिथे जनुक नव्हतं

अकोल्याच्या प्रयोगशाळेत मी तुरीवर काम करत होते. तुरीच्या डीएनएमध्ये फुलोऱ्याच्या जनुकाजवळ एक लहानसा तुकडा आहे. त्यातून कुठलंच प्रथिन बनत नाही. तरी हरभरा, मूग, वाटाणा, सगळ्यांत तो जवळपास जसाच्या तसा टिकून आहे. इतका जपलेला तुकडा बिनकामाचा कसा असेल, म्हणून काही रोपांतून मी तो कापून काढला. शेजारच्या कुंड्या पिवळ्या फुलांनी भरल्या. माझी रोपं नुसती पाल्यानंच वाढत राहिली. जनुक शाबूत होतं, पण ते चालूच होत नव्हतं.

त्याच सुमारास मला दिवस गेले होते. सोनोग्राफीत काही शंका आली म्हणून अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी गर्भजल तपासायला पाठवलं. निकाल आल्यावर त्या म्हणाल्या, "बाळाच्या एका गुणसूत्रातला छोटा तुकडा गायब आहे. पण घाबरू नका, त्या जागी एकही जनुक नाही."

दुसऱ्या कुणाला धीर आला असता. मला माझी न फुललेली रोपं आठवली.

"पण शेजारी कोणतं जनुक आहे?" मी विचारलं.

त्यांनी अहवाल पुन्हा उघडला. "तुम्ही दोघंही रक्त द्या. तुमच्यापैकी कुणात हाच तुकडा नसला आणि तरी ते माणूस ठणठणीत असलं, तर काळजी बरीच कमी होईल."

परतताना एसटीत नवरा म्हणाला, "काहून इतकी घाबरून राहिली? डॉक्टरनं सांगतलं ना, तिथं काही नाही म्हणून."

"माझ्या तुरीतही तिथं जनुक नव्हतं."



मग बाळातला तो गायब भाग मी इतर प्राण्यांच्या डीएनएत स्वतःच शोधला. उंदरात होता, कोंबडीतही होता, म्हणजे तोही जपलेलाच. मी संगणक बंद केला. हरितगृहात जाणंही सोडलं. ती हिरवीगार रोपं मला बघवत नव्हती.

शेवटी फोन आला. माझ्यात तुकडा होता, नवऱ्यात नव्हता.

"म्हंजे मी असाच आहो लहानपणापासून?" तो हसायला लागला. मी मात्र त्याच्याकडे बघत रडत होते. धडधाकट माणूस, भातकुली गावच्या शेतात दिवसभर राबणारा.

मुलगी आता धावते, घर डोक्यावर घेते. पण कधी हाकेला ओ द्यायला तिला उशीर झाला, की मी अजूनही हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाते.